कडक नको, सारखं पाहिजे

बेळगावात काडतुसं घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डुक्कर का पाखरू?" डुक्कर म्हटलं तर मोठ्या छर्ऱ्यांची, म्हणजे एलजी, एसजी, फार तर बीबीची पेटी पुढ्यात येते. पाखरू म्हटलं तर बारीक छर्ऱ्यांचं चार नाहीतर सहा नंबर. खानापूर, हल्याळ, जोयडा पट्ट्यातून येणारं गिऱ्हाईक बहुतेक भातवालं किंवा ऊसवालं. पीक राखायला बंदूक, आणि तीही रानडुकराला हाकायला, कारण मारायचं झालं तर वन खात्याची परवानगी लागते. तेव्हा दुकानदाराचा प्रश्न बरोबरच असतो. मी "थाळीसाठी" म्हणालो तेव्हा काउंटरमागच्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कसली थाळी ओ?"

"मातीची. हवेत उडवतात ती."

"मग सहा नंबर न्या की. कडक माल आहे. सगळे तेच नेतात."

काकांचा दोष नाही. आमच्या भागात काडतुसाची परीक्षा आवाजावरून आणि खांद्याला बसलेल्या धक्क्यावरून होते. बार ऐकून पलीकडच्या शिवारातला माणूस उठून बसला पाहिजे, मग ते काडतूस चांगलं. माझ्या आजोबांचंही मत हेच होतं. क्ले नेमबाजीत मात्र हा हिशेब पूर्ण उलटा आहे, आणि तो का उलटा आहे हे समजून घेता घेता मी टोपी, दारू, छर्रा, डाट या सगळ्याच्या खोलात गेलो. त्याचंच हे टिपण.

आधी खेळ काय ते सांगतो, कारण आपल्याकडं राज्यवर्धन राठोड यांना 2004 साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळालं, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. ट्रॅप हा क्ले नेमबाजीचाच एक प्रकार. त्यात जमिनीखालच्या खंदकात थाळ्या उडवणारी 15 यंत्रं असतात. नेमबाज त्याच्या मागं 15 मीटरवर पाच जागांपैकी एकीवर उभा राहतो, हाक देतो आणि थाळी सुटते. डावीकडं, उजवीकडं की सरळ, ते आधी कळत नाही. थाळीचा व्यास 110 मिलिमीटर, वजन 105 ग्रॅमच्या आसपास. नाव मातीचं, पण असते डांबरी राळ आणि चुनखडीच्या भुकटीची. ती मोकळी सोडली तर सुमारे 76 मीटरवर जाऊन पडते. आपला बार तिला गाठतो तेव्हा ती 30-35 मीटरवर असते आणि लांब पळत असते. एका फेरीत 25 थाळ्या, आणि पात्रता फेरीत एकूण 125. म्हणजे एकाच खांद्यावर किती बार बसणार, याचा अंदाज तुम्हीच करा. पहिला बार हुकला तर दुसरा घ्यायची मुभा असते, त्यामुळं माझ्यासारख्याला त्याहून जास्तच.

मला या नादाला लावलं ते सुभेदार मामांनी. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, कॅम्पात राहणारे. सख्खे मामा नव्हेत, पण गल्लीत सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांना मी दुकानातली गोष्ट सांगितली तर म्हणाले, "कडक घेऊन काय करणार आहेस? पन्नासावं काडतूस पहिल्यासारखं उडालं पाहिजे. तेवढं बघ."

नियमात बसणारं काडतूस कसं असतं हे त्यांनीच सांगितलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत छर्ऱ्याचं वजन 24 ग्रॅम, त्याहून जास्त चालत नाही, आणि एका छर्ऱ्याचा व्यास 2.6 मिलिमीटरच्या वर नको. ट्रॅपला साडेसात नंबर सर्वांत जास्त चालतो. हा अमेरिकी नंबर; ब्रिटिश पद्धतीतला सात नंबर म्हणजे जवळपास तोच, 2.4 मिलिमीटरचा. आपल्याकडचे नंबर ब्रिटिश वळणाचे, त्यामुळं परदेशी पेटीवरचा आकडा आणि आपल्या दुकानातला आकडा एकच समजू नये.

आता दुकानातला कडक सहा नंबर घ्या. 2.6 मिलिमीटरचा छर्रा, म्हणजे नियमाच्या अगदी काठावर, आणि पेटीवर वजन 32 ग्रॅम. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. ब्रिटिश सहा नंबरचे एका औंसात म्हणजे 28.35 ग्रॅममध्ये साधारण 270 छर्रे बसतात, सात नंबरचे 340. म्हणजे 32 ग्रॅम सहा नंबरमध्ये सुमारे 305 छर्रे आणि 24 ग्रॅम सात नंबरमध्ये सुमारे 290. हवेत पसरणारी जाळी जवळपास तेवढीच दाट. मग वरचे आठ ग्रॅम शिसं कशासाठी? लांबच्या पाखराच्या पिसांतून आत शिरायला मोठा छर्रा लागतो हे खरं. पण डांबराच्या थाळीला साडेसातचे दोन-तीन दाणे लागले तरी ती फुटते. बाकी सगळा धक्का फुकटचा आपल्या खांद्यावर.

इथं आजोबांच्या दुनळीचा विषय निघाला. ती मला वारसाहक्कानं आली, परवान्यावर रीतसर चढली. मामांनी ती उघडून नळीच्या तळाशी कोरलेले आकडे भिंगातून पाहिले. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरचं. आजची बहुतेक काडतुसं 70 मिलिमीटरची, आणि हे माप उडाल्यानंतरच्या लांबीचं असतं. न उडालेलं 70चं काडतूस तोंडाला घडी असल्यामुळं आखूड दिसतं आणि 65च्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं. बार होताना घडी उलगडते, तिला पुढं जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. "बसलं म्हणजे चालतं असं नाही," मामा म्हणाले आणि दुनळी मिटून माझ्या हातात दिली. ती आता कपाटात असते. थाळीसाठी मी एका जुन्या नेमबाजाची वापरलेली वर-खाली नळ्यांची दुनळी घेतली, 70 मिलिमीटर चेंबरची. घरात पूर्वी एक एकनळीही होती. 2019च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळं ती कधीच गेली होती.

क्ले नेमबाजी करणाऱ्या कुणाशीही बोललं की गाडी एका जागी येऊन थांबते: स्वतः काडतूस भरता आलं तर? रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, टोपी बदलायची, हवी ती दारू, हवा तो छर्रा. अमेरिकेत हा घरगुती छंद आहे. आपल्याकडं नाही. 1959च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याची व्याख्याच इतकी रुंद आहे की काडतुसाचे सुटे भाग आणि ती बनवायची यंत्रसामग्री हेसुद्धा दारूगोळ्यातच धरतात, आणि दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. तेव्हा माझ्या खेळाच्या परवान्यावर मी काडतूस विकत घ्यायचं, दुकानदारानं पुस्तकात नोंद करून शिक्का मारायचा, एवढंच. तरीही आत काय असतं ते पाहायची हौस होती. ती भागवली माझ्या आत्येभावानं.

हा दादा मूळचा शहापूरचा, आता ओहायोत स्थायिक. मी त्याच्याकडं मुक्कामाला गेलो तेव्हा वहिनी दारातच म्हणाली, "गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं आहे, बघून घ्या." खरंच होतं. भिंतीलगत बाक, त्यावर मेक कंपनीचा हातानं ओढायचा प्रेस, वरच्या बाटलीत छर्रा, शेजारच्या बाटलीत पावडर, आणि खाली पोत्यानं भरलेल्या रिकाम्या पुंगळ्या. व्हिसावर आलेल्या पाहुण्याला तिथं बंदूक-काडतूस बाळगण्यावर कायद्याच्या अटी आहेत, म्हणून मी स्टुलावर बसून पाहणारा आणि वहीत लिहिणारा. दादाला त्या दिवसांत 24 ग्रॅमचं नवं काडतूस ठरवायचं होतं. क्लबात तो अमेरिकी पद्धतीचा ट्रॅप खेळतो, तिथं 32 ग्रॅमपर्यंत चालतं, पण त्याचाही खांदा आता बोलायला लागला होता. त्यामुळं निवडीची सगळी चर्चा माझ्यासमोरच झाली.

मला वाटलं होतं, आधी पावडर ठरवायची. दादानं आधी पुंगळी उचलली. विंचेस्टरची एए, आतून पाहिली तर तळाकडं निमुळती होत गेलेली. दुसरी युरोपी धाटणीची, आतून सरळ नळकांडं आणि तळाशी वेगळा बसवलेला डाट. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण आतली जागा वेगळी. जागा वेगळी म्हणजे त्याच दारूचा दाब वेगळा. म्हणून पावडर कंपनीच्या तक्त्यात पहिला रकाना पुंगळीचा असतो. मग पावडर, मग टोपी, मग वॅड म्हणजे पावडर आणि छर्ऱ्याच्या मधला डाट, मग छर्ऱ्याचं वजन, आणि शेवटी त्या पाचही गोष्टी एकत्र आल्यावर प्रयोगशाळेत मोजलेला दाब आणि वेग. यातली एक गोष्ट बदलली की ती ओळ तुमच्या कामाची राहिली नाही. दुसरी ओळ शोधायची. नसेल तर ते काडतूस भरायचं नाही.

पावडरीच्या बाबतीत मुख्य मुद्दा जळण्याच्या वेगाचा. गुऱ्हाळावर चुलवाणात वाळकं पाचट टाकलं की भपकन पेटतं आणि संपतं, बाभळीचा ओंडका सावकाश आणि लांबपर्यंत जळतो. हलका छर्रा लगेच पुढं सरकतो, म्हणून त्याच्यामागं झटकन जळणारी पावडर लागते; नाहीतर छर्रा निघून जातो आणि पावडर अर्धी कच्ची राहते. जड छर्रा बुडाला घट्ट बसून असतो, त्याच्यामागं झटकन जळणारी पावडर जास्त घातली तर दाब एकदम टोकाला जातो, म्हणून तिथं सावकाश जळणारी. पावडर मुळात नायट्रोसेल्युलोजची. काहींत नायट्रोग्लिसरीनही असतं. पण वेग ठरतो तो बराचसा कणांच्या आकारावर, जाडीवर आणि त्यांच्यावरच्या लेपावर. दादानं पांढऱ्या कागदावर चिमूटभर रेड डॉट ओतून दाखवली. करड्या-काळ्या चपट्या टिकल्या आणि त्यांत मधूनच एखादी लाल. ती लाल टिकली नुसती ओळखीसाठी असते. ग्रीन डॉटमध्ये हिरवी.

बाकावर तीन डबे होते. रेड डॉट, क्लेज आणि टाइटवॅड. तिन्ही झटकन जळणाऱ्या, तिन्ही हलक्या काडतुसाला चालणाऱ्या. शेजारी ग्रीन डॉट होती, पण ती जरा सावकाश, 32 ग्रॅमला बरी, म्हणून बाजूला ठेवली. रेड डॉट 1932 पासूनची, दादाच्या क्लबातले म्हातारे तिच्याशिवाय दुसरं नाव घेत नाहीत. पण जळल्यावर नळीत आणि चापाच्या खटक्यात काजळी सोडते. क्लेज त्या मानानं स्वच्छ. टाइटवॅड सर्वांत कमी लागते, एका डब्यात जास्त काडतुसं, म्हणून स्वस्त.

मी हिशेबी माणूस, म्हणालो, "मग टाइटवॅडच घे की."

दादानं पुंगळीत मापानं टाइटवॅड ओतून मला आत बघायला लावलं. तळाशी जेमतेम थर. मग ती परत डब्यात ओतून रेड डॉटचं माप घातलं. पुंगळी बरीच वरपर्यंत भरली. "आता समज, फोन वाजला आणि मी चुकून दोनदा माप टाकलं. रेड डॉट असेल तर पावडर वर येईल, वॅड बसणार नाही, मला कळेल. टाइटवॅड असेल तर कळणारही नाही." दुप्पट दारूचं काडतूस म्हणजे नळी फाटण्याची गॅरंटी समजा. स्वस्ताईचा मुद्दा मी वहीतून खोडला. इतक्या चर्चेत मला सर्वांत पटलेली गोष्ट हीच: पावडर निवडताना ती किती जागा व्यापते हेही पाहायचं, कारण माणसाचं लक्ष कधी ना कधी चुकणारच.

शेवटी क्लेज ठरली. तीही बऱ्यापैकी फुगीर, आणि काजळी कमी.

मग टोपी. आमच्याकडं ठासणीच्या बंदुकीवर बसवायची ती टोपी सगळ्यांना माहीत असते, तांब्याची, बोटाच्या पेरावर मावणारी. काडतुसाच्या बुडातली टोपी वेगळी. सर्वसाधारण माप 209 या नावानं ओळखलं जातं. व्यास सहा मिलिमीटरच्या थोडा वर. बाहेर एक नळीसारखं कवच, आत छोटी वाटी, वाटीत मसाला, आणि मसाल्यावर टेकलेली ऐरण. घोड्याची सुई वाटीला दाबते, मसाला ऐरणीवर चेंगरतो आणि ठिणगी पुढच्या भोकातून पावडरीत शिरते. हल्लीच्या मसाल्यात मुख्य पदार्थ लेड स्टिफनेट, म्हणून बंद खोलीत टोप्यांचा धूर श्वासात घेऊ नये, आणि रेंजवरून आलं की हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. सुभेदार मामा रेंजवर चिवडा उघडणाऱ्या पोरांना याच कारणासाठी हाकलतात.

209 लिहिलं म्हणजे सगळ्या टोप्या सारख्या, असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. विंचेस्टरची, फेडरलची, सीसीआयची, चेडाइटची, प्रत्येकीच्या ज्वाळेची ताकद आणि लांबी वेगळी. दादानं तक्त्यात बोट ठेवून दाखवलं: तीच पुंगळी, तेवढीच पावडर, तोच वॅड, फक्त टोपी बदललेली, आणि दाबाच्या रकान्यात हजार पीएसआयहून (चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) जास्त फरक. 12 बोअरच्या पावणेतीन इंची काडतुसाला अमेरिकेत 11,500 पीएसआय ही वरची मर्यादा मानतात. एखादं काडतूस आधीच त्या हद्दीजवळ असेल तर तापट टोपी त्याला पलीकडं ढकलते. 2020 नंतर तिकडं टोप्यांचा दुष्काळ पडला होता, आणि मिळेल ती टोपी बसवायचा मोह क्लबात सगळ्यांना झाला. दादा तेव्हा तक्त्यात नसलेली टोपी घ्यायची नाही म्हणून हात बांधून बसला होता. वहिनीच्या म्हणण्याप्रमाणं त्याच काळात गॅरेज पहिल्यांदा आणि शेवटचं झाडलं गेलं.

टोपीत आणखी एक बारीक भानगड आहे. चेडाइटच्या टोपीचा व्यास किंचित जास्त असतो. ती एकदा एएच्या पुंगळीत बसवली की टोपीचं भोक रुंदावतं, आणि पुढच्या वेळी विंचेस्टरची टोपी घातली तर ढिली बसते. दादानं तशी एक पुंगळी माझ्या हातात दिली. जुनी टोपी नखानं ढकलली तर हलत होती. अशा पुंगळ्या तो थेट कचऱ्यात टाकतो, आणि पोत्यांवर मार्करनं कुठली टोपी आधी वापरली ते लिहून ठेवतो.

दाब जास्त झाला की नळी फुटते हे कुणालाही समजतं. दाब कमी पडला तरी धोका असतो हे मला तिथं कळलं. मंद टोपी, थोडी कमी पावडर, ढिली घडी आणि वर ओहायोची थंडी, असं जमून आलं की पावडर नीट पेटत नाही. "फुस्स" आवाज येतो, छर्रे पुढ्यात सांडतात आणि वॅड नळीतच अडकून राहतो. नेमबाज तंद्रीत असेल आणि त्यानं दुसरं काडतूस घालून बार काढला तर अडकलेल्या वॅडमागं नळी फुगते किंवा फाटते. तेव्हा आवाज वेगळा आला की थांबायचं, बंदूक उघडायची, नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं. बार उडालाच नाही तर नळी समोर धरून अर्धा मिनिट तरी थांबायचं, मगच उघडायची. हा नियम विकतच्या काडतुसालाही तसाच लागू.

वजनासाठी दादाकडं ग्रेनचा काटा. पौंडात 7000 ग्रेन. आपल्या सराफाची गुंज म्हणजे दोन ग्रेनला जरा कमी. प्रेसवर पावडरीचं माप आकारमानानं पडतं, एका छिद्राच्या ठोकळ्यातून. त्या ठोकळ्यासोबत येणारा तक्ता सांगतो तेवढं वजन प्रत्यक्षात पडतंच असं नाही; दांडा कसा ओढता, बाक किती हादरतो, यावर फरक पडतो. म्हणून दर वेळी सुरुवातीला आणि मधूनमधून काट्यावर पडताळणी. दादा दांडा ओढत होता, मी आकडे लिहीत होतो, आणि वहीत ते आकडे एकाखाली एक जवळपास सारखे उतरत गेले. मामा जे म्हणाले होते ते मला त्या रकान्यात दिसलं.

इथं आमच्या भागासाठी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. काडतुसातली धूररहित पावडर कधीही ठासणीच्या बंदुकीत भरू नये. ठासणीची नळी काळ्या दारूच्या दाबासाठी केलेली असते, आणि काळी दारू आपण अंदाजानं मापतो. त्याच मापानं धूररहित पावडर गेली तर नळी, डोळा, हात, काही सांगता येत नाही. खानापूरकडच्या वस्त्यांवर पीकराखणीच्या ठासण्या अजून आहेत, आणि जुनी काडतुसं फोडून दारू वापरावी असं सुचवणारे सल्लागारही आहेत. त्यांचं ऐकू नका.

परत आल्यावर हे ज्ञान वापरायचं कुठं? पावडर मला निवडता येणार नव्हती, टोपीही नाही. पण कारखान्यानं केलेली निवड कशी झाली आहे, ते उडालेल्या काडतुसावरून वाचता येतं. नामांकित नेमबाजाचा दर्जा असला तर काडतुसं आयात करता येतात. तो माझ्यापाशी नाही. उरलं ते खडकीच्या कारखान्याचं देशी काडतूस आणि संघटनेमार्फत कोट्यातून मिळणारं परदेशी. दोन्हींतलं थोडं थोडं जमवलं. शिवाय कुणीतरी दिलेली एक जुनी पेटीही होती. कुठल्या कारखान्याची ते सोडा, अनेक पावसाळे पाहिलेली.

रेंजवर मामांनी 35 मीटरवर लाकडी चौकट उभी केली. तिच्यावर वर्तमानपत्रांचे ताव चिकटवून मोठा कागद केला. मध्ये एक ठिपका. एक बार काढायचा, कागद काढायचा, जिथं छर्रे दाट पडलेत तिथं 75 सेंटिमीटरचं वर्तुळ आखायचं आणि भोकं मोजायची. नवा कागद, पुन्हा तेच. वाचून सोपं वाटतं. करायला बसलात तर दुसऱ्याच कागदाला मान अवघडते. मोजलेल्या भोकावर स्केचपेनची टिकली मारायची, नाहीतर तेच भोक दोनदा मोजलं जातं. चोकचा, म्हणजे नळीच्या तोंडाशी ती किती आवळलेली आहे त्याचा, हिशेब असा, की 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात फुल चोकमधून सुमारे 70 टक्के छर्रे पडावेत, मॉडिफाइडमधून 60, आणि सरळ नळीतून 40. आमचं अंतर याला जवळ, तेव्हा अंदाजाला पुरेसं.

32 ग्रॅमच्या कडक सहा नंबरचे कागद पाहिले तर मधे गर्दी आणि कडेला मोकळी खिंडारं. एका खिंडारात मी थाळी धरून पाहिली. आडवी धरली तर अख्खी निसटत होती. जोरात ढकलले गेलेले मऊ शिशाचे छर्रे नळीतच एकमेकांवर चेपतात, वाकडेतिकडे होतात आणि हवेत गेल्यावर बाजूला पळतात. म्हणून थाळीच्या चांगल्या काडतुसात अँटिमनी मिसळलेला कडक छर्रा असतो. कडकपणा हवा असेल तर तो तिथं हवा! कोट्यातल्या 24 ग्रॅम साडेसातचे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले तर वर्तुळं जुळत होती. जाळी दाट म्हणावी अशी नव्हती, पण सगळीकडं सारखी.

जुन्या पेटीनं तर वेगळंच दाखवलं. एक बार दणक्यात, पुढचा मवाळ. नळीतून पाहिलं तर न जळलेल्या पिवळट टिकल्या चिकटलेल्या. टोप्यांवरचे सुईचे ठसे मात्र सगळे सारखे खोल होते, म्हणजे बंदुकीची सुई ठीक, गडबड आतल्या मसाल्यात नाहीतर पावडरीत. मामांनी उरलेली पेटी बाजूला ठेवायला लावली आणि ती दुकानदाराकडं रीतसर जमा केली.

साठवणीचा प्रश्न आपल्याकडं पावसामुळं येतो. बेळगावचा जुलै काय असतो हे निराळं सांगायला नको. कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. आजोबांच्या काळी कागदी पुंगळ्यांची काडतुसं फुगायची आणि चेंबरमध्ये जायचीच नाहीत. प्लास्टिकच्या पुंगळीनं तो प्रश्न बराच मिटवला, तरी टोपीच्या कडेनं आणि घडीच्या मधल्या बारीक भोकातून दमट हवा जाते. मी पेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, कुलपात ठेवतो. डब्यावर खरेदीची तारीख आणि लॉट नंबर. एका सरावाला एकच लॉट, मिसळायचे नाहीत.

निवडणुकांचा आणखी एक अडथळा असतो. 2023ला विधानसभा, 2024ला लोकसभा, दोन्ही वेळा बंदूक ठाण्यात जमा. पावती घ्यायची आणि निकालाची वाट पाहायची. त्या रिकाम्या दिवसांत मी मोजायचे राहिलेले कागद मोजून काढले. बायको म्हणाली, इतक्या बारकाईनं तर तुम्ही तांदूळसुद्धा निवडला नाहीत कधी.

ठरलं ते असं. सरावाला आणि स्पर्धेला 24 ग्रॅम, साडेसात नंबर, जमेल तोवर एकाच लॉटचं. वेग चारशे मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास असलेलं पुरे. पेटीवर त्याहून मोठा आकडा दिसला तरी त्यासाठी जास्त पैसे मोजायचे नाहीत. कोट्यातलं संपलं तर देशी काडतुसातलं त्यातल्या त्यात हलकं, पण आधी कागदावर पाहून. दुकानातले काका आता मला पाहिलं की सहा नंबरची पेटी पुढं करत नाहीत. परवा म्हणाले, "तुमचं ते नाजूक काडतूस मागवायचं असेल तर आधी सांगा, घेणारं दुसरं कुणी नाही." मी पुढच्या सरावापुरती मागणी लिहून दिली आणि परवान्याचं पुस्तक नोंदीसाठी पुढं सरकवलं.